थ्रेडची लायब्ररी निवडायलाही शिकवा

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधींविषयी सातत्याने लिहिले जाते. त्या अनुषंगाने ठाणे आणि नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे लक्ष एका दुर्लक्षित विषयाकडे वेधावेसे वाटते. महापे येथे लिनक्सवर सी आणि सी++ मधील प्रणाली विकसित करण्याचे काम मी गेली सोळा वर्षे करत आहे. दरवर्षी नव्याने येणारी मुले हुशार आणि कष्टाळू असतात. मात्र प्रोग्रॅम कंपाइल करताना थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांची, लायब्ररी (तयार कोडचा संच) कोणती जोडली गेली आणि का, असे विचारले की, ‘जर्नलमध्ये कमांडच्या शेवटी तसे लिहिले होते’, एवढेच उत्तर मिळते.

जर्नलमध्ये असते ते ‘-एलपीथ्रेड’, जे फक्त लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या साधनाला, लायब्ररी जोडायला सांगते. ‘-पीथ्रेड’ हा पर्याय कंपाइल आणि लिंक अशा दोन्ही टप्प्यांना लागू होतो, म्हणून तोच वापरावा. जीलिबसी ही लिनक्सवरील नेहमीची सी लायब्ररी; ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या तिच्या २.३४ या आवृत्तीपासून थ्रेडची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीतच विलीन झाली. त्यामुळे नव्या संगणकावर यातले काहीच न लिहिता प्रोग्रॅम तयार होतो, आणि तोच कोड एखाद्या जुन्या सर्व्हरवर कंपाइल करायला घेतला की पीथ्रेड-क्रिएट हे थ्रेड तयार करणारे फंक्शन सापडत नसल्याची तक्रार लिंकर करतो. विद्यार्थी मग निर्दोष कोडमध्ये चूक शोधत बसतो.

याहून महाग पडते ती नकळत झालेली निवड. गेल्या वर्षी आमचा एक प्रोग्रॅम उबुंटू या लिनक्सवर महिनोन्‌महिने सुरळीत चालला होता. कंटेनरचा (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या पॅकेजचा) आकार लहान हवा म्हणून तो अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर तयार केला, आणि पहिल्याच विनंतीला सेगमेंटेशन फॉल्ट आला, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याने प्रोग्रॅम कोसळला. माझ्या तरुण सहकाऱ्याने तीन दिवस एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारी सगळी कुलुपे, म्हणजे म्युटेक्स, तपासली. जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनात प्रोग्रॅम थांबलेला दिसे तो एका फंक्शनच्या अगदी सुरुवातीला, जिथे अजून काहीच घडलेले नव्हते. त्या फंक्शनमध्ये २,००,००० बाइटचा एक स्थानिक ॲरे होता. जीलिबसी थ्रेडला किती स्टॅक, म्हणजे स्थानिक चले ठेवण्याची जागा, द्यायचा हे प्रणालीच्या मर्यादेवरून ठरवते, आणि ती बहुधा ८ मेगाबाइट असते. अल्पाइनमधील मसल ही लायब्ररी मात्र, आपण वेगळे सांगितले नाही तर, सुमारे १२८ किलोबाइटच देते; त्यात तो ॲरे मावत नव्हता. थ्रेड तयार करताना स्टॅकचा आकार स्पष्टपणे नमूद केल्यावर प्रोग्रॅम चालू लागला. त्या मुलाची चूक नव्हती. लायब्ररी बदलली की थ्रेडचे वागणेही बदलते, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

कोड अनेक थ्रेडवर वाटून देणाऱ्या ओपनएमपीचीही हीच गत आहे, कारण जीसीसी हा कंपायलर त्यासाठी आपली लायब्ररी जोडतो आणि क्लँग हा दुसरा कंपायलर आपली. दोन्ही लायब्ररी एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या की प्रत्येक लायब्ररी आपापले थ्रेड उभे करते आणि आठ कोअरच्या यंत्रावर सोळा थ्रेड भांडू लागतात.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत यासाठी दोन तासांचे एक सत्र ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकच प्रोग्रॅम जीलिबसी आणि मसल अशा दोन्हींवर तयार करून घ्यावा, कोणती लायब्ररी जोडली गेली हे ‘एलडीडी’ या कमांडने पाहायला लावावे, आणि ती निवड का केली याची चार ओळींची नोंद जर्नलमध्ये कमांडच्या शेजारी लिहून घ्यावी.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, ऐरोली, नवी मुंबई