प्लेगच्या वर्षांचे दप्तर जपणाऱ्या ग्रंथपालांस

आदरणीय ग्रंथपाल महोदया,

स. न. वि. वि.

१८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत आपल्या गावाने दिवस कसे काढले, यावरचे माझे लेखन आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या दुर्मीळ विभागातील कागदपत्रांमुळे पूर्ण झाले, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पुस्तकात ऋणनिर्देशाची एक ओळ येईलच. परंतु आपण नेमके काय केले हे त्या ओळीत मावणार नाही, आणि ते सांगितल्याखेरीज आभार मानल्यासारखे मला वाटणार नाही.

या साथीचा सरकारी इतिहास मिळवणे अवघड नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात रोग उघडकीस आला, पुढे तो पुण्यात व इलाख्यातील इतर गावांत पसरला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्या सुरू झाल्या, २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. हे सारे छापील ग्रंथांत आहे. एखाद्या पेठेतल्या कुटुंबाने घराला कुलूप लावून माळावर झोपडी केव्हा बांधली आणि माघारी केव्हा येणार याचा अंदाज त्यांना होता की नाही, हे मात्र कोणत्याही गॅझेटिअरमध्ये सापडत नाही.

ते आपल्याकडे सापडले. एका व्यापारी कुटुंबाने वाचनालयास दिलेल्या दप्तरात बांबू, सुतळी आणि शाकारणीच्या गवताच्या खरेदीच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्यांच्यामध्येच घडी घालून ठेवलेले मोडी पत्र आहे, ज्यात 'सर्व मंडळी रानात आहोत, इकडे येण्याची घाई करू नये' असा मजकूर आहे. दप्तर दाखल झाले त्या वेळी ते विषयवार लावावे असा आग्रह झाला होता, असे आपण बोलता बोलता सांगितलेत. तसे झाले असते तर चिठ्ठ्या व्यापाराच्या पुडक्यात गेल्या असत्या, पत्र खासगी पत्रव्यवहारात गेले असते, आणि व्यापाऱ्याने विक्रीसाठी माल घेतला यापलीकडे त्या चिठ्ठ्यांतून कोणाला काही कळले नसते. आपण कागद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ठेवले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक अंक घातले, आणि ते कोणाकडून, कोणत्या खोलीतल्या कोणत्या पेटीतून आले हे दाखल नोंदवहीत लिहून ठेवले. माझ्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण त्या क्रमावर उभे आहे.

पत्रावर साल नव्हते. तिथी होती आणि 'मंदवार', म्हणजे शनिवार, एवढाच उल्लेख होता. शक दिला असता तर त्यात ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढता आला असता, महसुली कामातला फसली सन असता तर ५९० किंवा ५९१ मिळवून. येथे मिळवायला आकडाच नव्हता. तेव्हा आपण जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढून दिलात. वर्ष सरले की पंचांग रद्दीत टाकण्याची आपली सर्वांची रीत असताना कोणा पूर्वीच्या ग्रंथपालाने ती वर्षानुवर्षे बांधून ठेवली, आणि आपण ती निकामी ठरू दिली नाहीत. साथीच्या वर्षांची पंचांगे ओळीने पाहिली, तेव्हा ती तिथी शनिवारी आलेली शके १८१९ मध्येच, म्हणजे १८९७-९८ च्या काळात, आढळली.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे इतिवृत्त मी स्वतः होऊन मागितले नसते. संस्था स्वतःविषयी लिहिते ते बहुधा गौरवाचेच असते, असा माझा ग्रह आहे आणि तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. आपण मात्र थकलेल्या वर्गणीच्या यादीचे पान उघडून समोर ठेवलेत. नावापुढे 'गावाबाहेर', काहींच्या पुढे नुसती आडवी रेघ, आणि खाली साथ संपेपर्यंत कोणाचेही नाव कमी करू नये असा ठराव. कोणत्या आळीतले किती वाचक बाहेर पडले याचा अंदाज त्या यादीवरून बांधता आला.

कागदाच्या बाबतीतली आपली शिस्त सुरुवातीला मला जाचक वाटली, हे लपवत नाही. झेरॉक्स नाही, सपाट टेबलावर ठेवूनच छायाचित्र, टाचणी काढायची ती आपणच. कारण कळले तेव्हा पटले. हातकागदावरची त्याहून शंभर वर्षे जुनी पत्रे अजून लवचिक आहेत, आणि लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली १८९७ ची वर्तमानपत्रे मात्र त्यातल्या आम्लामुळे घडीवर तुटतात. फाटलेल्या जागी आपण चिकटपट्टी कधीच लावली नाहीत. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, म्हणजे पुढे कोणाला ते जोड सोडवायचे झाले तर पाण्याने सोडवता यावेत.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो १९६७ साली. म्हणजे अशा संस्थांनी कायद्याच्या आणि अनुदानाच्या कितीतरी आधीपासून आपापल्या गावाचे कागद गोळा केले. आता स्कॅनिंगची मागणी सर्वत्र आहे आणि ते व्हावेच. मात्र चिठ्ठीशेजारी कोणते पत्र होते याची नोंद आधी झालेली नसेल, तर संगणकावर केवळ सुटी चित्रे जमतील. आपण नोंदीचे काम आधी हाती घेतले आहे, हे मला योग्य वाटते.

त्या दप्तरातील मोडी पत्रांचे मी केलेले देवनागरी लिप्यंतर, न लागलेले शब्द रिकामे ठेवून, सोबत पाठवीत आहे. ते मूळ दप्तरात न घालता स्वतंत्र दाखल करावे आणि त्यावर आपलेच क्रमांक घालावेत. पुस्तकाच्या दोन प्रती छपाई होताच वाचनालयात पोहोचत्या करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
दुर्मीळ विभागाचा एक वाचक