सागवानी टेबल मार्चमध्ये का तडकतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याला नवं डायनिंग टेबल घरी यावं म्हणून कोल्हापुरात अनेक जण जुलै-ऑगस्टमध्ये सुताराकडे काम टाकतात. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा लागली की त्याच टेबलाला उभी चीर जाते, आणि ‘सुतारानं कच्चं लाकूड घातलं’ म्हणून भांडण सुरू होतं. लाकूड कधी कधी खरंच कच्चं असतं. पण नीट वाळलेलं सागवानही तडकतं, कारण वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रू आणि फेव्हिकॉलनं पक्की आवळलेली असते.

ओलावा बदलला की लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणजे फुगतं-आक्रसतं. सागवान यात बरंच गुणी. तरी लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर ३ फूट रुंद फळी, ती कशी चिरली आहे त्यानुसार, ४ ते ७ मिलिमीटर कमी-जास्त होते. म्हणजे सव्वा ते सव्वादोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एवढी जागा तिला मिळाली नाही तर ती स्वतः फाटते किंवा चौकटीचे सांधे उचकटते.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. चौकटीच्या पट्ट्यांना आतून खाच पाडायची, लाकडी गुटक्याची जीभ, म्हणजे त्याचं पुढे काढलेलं पातळ टोक, त्या खाचेत सरकवायची आणि स्क्रू फक्त गुटक्यातून फळीत मारायचा. फळीला डिंक लावायचाच नाही. आता मोसमाचा हिशेब. ऑगस्टमध्ये फुगलेली फळी पुढे आक्रसणार, गुटके आतल्या बाजूला ओढले जाणार; म्हणून लांब बाजूंना जीभ खाचेत खोल बसवावी. एप्रिलमध्ये बनवलेली फळी पुढे फुगणार, म्हणून गुटका आणि पट्टी यांच्यात एक-दीड सूत फट सोडावी. आखूड बाजूंना गुटके आडवे सरकतात, तिथं खाच लांब हवी. गुटके नको असतील तर लांबट भोकांचे लोखंडी अँगल चालतात. टोकांना शोभेची आडवी पट्टी हवी असेल तर मधल्या तीन-चार इंचांतच डिंक लावावा; पूर्ण चिकटवली की चीर ठरलेलीच.

वरची रुंद फळी जोडायला लागणाऱ्या फळ्या चार-पाच इंच रुंदीच्याच घ्याव्यात. सागवान तेलकट असतं, त्यामुळे कडा ताज्या रंध्याच्या असाव्यात, थिनरनं पुसून लगेच चिकटवाव्यात. शिकंजे (क्लॅम्प) दर आठ-दहा इंचांवर लावावेत. मात्र सगळा डिंक पिळून बाहेर येईल इतके आवळू नयेत.

लाकडाचा अंदाज: ६ × ३ फुटांची, तयार १ इंच जाडीची फळी दीड घनफूट भरते. चिराई सव्वा इंचाची घ्यावी लागते, शिवाय छाट जाते; त्यामुळे एकट्या फळीसाठी सुमारे अडीच घनफूट धरावं. पाय आणि चौकट वेगळी. जुन्या वाड्याचं सागवान उत्तम वाळलेलं असतं, पण रंध्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, नाहीतर पातं गेलंच.

घासकाम लाकडाच्या धाग्याच्या दिशेनं, पॉलिश पेपरचे ८०, १२०, १८० नंबर अशा क्रमानं. नंबर गाळला की आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. जेवणाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश देऊ नये, गरम भांड्याखाली ते पांढरं पडतं. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश द्यावं. भर पावसात मेलामाइनची फवारणी केली तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकी दुधाळ होते. उघडीप मिळेपर्यंत थांबणंच बरं, मग दसरा हुकला तरी चालेल. आणि खालची बाजू! ती दिसत नाही म्हणून कोरी सोडतात. मग एका अंगानंच ओलावा शोषला जातो आणि फळीला बाक येतो. वर पॉलिशचे जितके हात, तितकेच खाली. पायांच्या तळव्यांनाही दोन हात द्यावेत, फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं.

लाकूड वाळलंय का, हे बोटानं कळत नाही. ओलाव्याचं मीटर सुतारानं ठेवावं, १० ते १२ टक्के दाखवलं तर काम सुरू करावं. मीटर नसेल तर त्याच फळीचा छाट आठवड्यानं पुन्हा तोलावा. वजन घटत असेल तर थांबावं. वखारवाल्यांनी बिलावर घनफूट आणि दराशेजारी ओलाव्याचा आकडाही लिहावा, आणि गिऱ्हाइकांनी तो मागून घ्यावा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर