गड्ड्याआधी करून देतो म्हणाला होतात, साहेब

प्रति,
माननीय साहेब, सोलापूर महापालिका,
(नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र पोचेपर्यंत आपली बदली झाली, तर नवे साहेब म्हणायचे, हे माझ्या नावाचं नाही.)

सविनय नमस्कार. मी सांगतेय आणि माझी मुलगी लिहून घेतेय, कारण माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मनगटाजवळ मोडलाय. ज्या जागी मोडला, ती जागा आपण पाहिलेली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला आपण आमच्या गल्लीत आला होतात. ड्रेनेजसाठी खणलेल्या चराच्या अलीकडे उभे राहिलात. बुटाला काळी माती लागेल म्हणून पलीकडे काही आला नाहीत. तिथूनच म्हणालात, "काळजी करू नका, गड्ड्याआधी करून देतो," म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेआधी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा दोन्ही हात चालत होते.

गड्डा झाला. नंदीध्वज निघाले, अक्षता पडल्या, शोभेचं दारूकाम झालं, पाळणेवाले पाळणे उतरवून गेले. चर होता तिथेच. विचारायला गेले तर आचारसंहिता. निवडणूक झाली तर मार्च एंड. एप्रिलमध्ये ठेकेदाराचं बिल अडकलेलं. मे महिन्यात साहेब रजेवर. आता जूनमध्ये सांगतात, पावसाळ्यात खोदकाम बंद असतं. अहो, खोदायचं नाही, बुजवायचंय!

दिवाळीनंतर जेसीबी आला तेव्हा आमच्या नळाचा पाइप तुटला. जेसीबीवाला म्हणाला, दोन दिवसांत माणूस येऊन जोडेल. तो माणूस अजून वाटेत आहे. तेव्हापासून आम्ही समोरच्या वहिनींकडे भरतो, म्हणजे घागर घेऊन चर ओलांडायचा. एक फळी टाकलीय, ती आम्हीच टाकलीय, त्याचं टेंडर काढलं नव्हतं. पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, तेही रात्री अडीचला. मे अखेरीला वळवाचा पाऊस झाला होता, दिव्याचा खांब नेहमीप्रमाणे नुसता खांब होता, फळी ओली होती. दुसऱ्या फेरीला पाय सरकला आणि मी चेंबरच्या कडेवर हात टेकून पडले. स्टीलची घागर खाली गडगडत गेली. वहिनी आधी घागर बघायला धावल्या, मग मला. त्यांना दोष देत नाही. चौथ्या दिवसाचं पाणी होतं.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. सोलापूरचे गणवेश कुठेकुठे जातात हे आपल्या भाषणात मी दोनदा ऐकलंय. त्या भाषणातली एक बाई मी आहे. कारखान्यातून कापलेले गठ्ठे येतात, शिवून द्यायचे, नगावर पैसे. आमचा सीझन मार्च ते जून, कारण पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडतात. नेमके शेवटचे पंधरा दिवस गेले. प्लास्टर ओलं असताना मी डाव्या हातानं एक कॉलर बसवून पाहिली. कापड सरकायला लागलं की धरायला दुसरा हात लागतो, हे इतकी वर्षं कधी लक्षातच आलं नव्हतं. ती कॉलर उसवली, मशीनवर चादर टाकली आणि गठ्ठे परत पाठवले. पुढच्या सीझनला कारखानदार मला बोलवेल का, याचं उत्तर आपल्या कोणत्या टेबलावर मिळतं?

आता पाणीपट्टीचं. ती आम्ही वर्षाची भरतो. वर्षाचे दिवस 365. पाणी चौथ्या दिवशी धरलं तर 91 दिवस, पाचव्या दिवशी धरलं तर 73. म्हणजे पावणेतीनशे-तीनशे दिवसांचे पैसे आपण न दिलेल्या पाण्याचे घेता. हिशेब चुकला असेल तर माझ्या मुलीला बोला, तिला गणितात बासष्ट होते. उजनी 117 टीएमसीचं धरण, आमच्याच जिल्ह्यात. भरलं की पेपरात फोटो येतो, पुढारी खणानारळानं ओटी भरतात. शंभरावर किलोमीटर ते पाणी पाइपातून शहरात येतं आणि शेवटच्या दीडशे फुटांत दमतं. चावीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "मावशी, वरून सोडतेत तवा मी फिरवतो." वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नाही.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. तेव्हा काही विचारलं की लोक म्हणायचे, निवडणूक होऊ द्या. झाली. आता एका प्रभागात अ, ब, क, ड असे चार नगरसेवक. मी चौघांकडे गेले. अ म्हणाले, तुमची गल्ली ब बघतात. ब च्या घरून सांगितलं, ड्रेनेजचा विषय क कडे. क गावाला. ड नी माझ्या प्लास्टरसोबत फोटो काढला. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती म्हणते, आई, असे गल्लीचे वाटे नसतात, चौघेही सगळ्या प्रभागाचे. मग मी कशाला चार ठिकाणी रिक्षाचे पैसे घातले?

तिनेच मला सांगितलं की शहरांच्या कारभाराची 74वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे, आणि आपल्या महापालिका कायद्यात 2009 साली क्षेत्रसभा आली. मतदार यादीत नाव असलेल्या माणसानं सभेत बसून सांगायचं, आमच्या भागात आधी काय करा. मी खिडकीवर विचारलं, आमची क्षेत्रसभा कधी असते? बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "ग्रामसभा म्हणताय का? ती खेड्यात असते."

साहेब, आपण बाहेरगावचे असाल म्हणून सांगते. आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं ना, त्याच्याही आधी सम्मती कट्ट्यावर सम्मती वाचतात. लाखभर माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी असतात, वाचन झाल्यावरच अक्षता पडतात. इथे देवाच्या लग्नाला सम्मती लागते आणि आमच्या दारातला रस्ता खणायला कोणाची लागत नाही. आधी जेसीबी येतो. मग कळतं की काहीतरी योजना होती.

आमचा भाग 1992 च्या हद्दवाढीत शहरात आला. तेव्हापासून "हद्दवाढ भाग" हेच आमचं नाव पडलंय. बाळाचं बारसं झालंच नाही, नुसतं "बाळ" म्हणून घरपट्टी लावली. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नववं आलं, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले होते. वाटणारा आता विचारतो, ती परीक्षा आमच्या वतीनं कोणी दिली होती?

मुलगी म्हणते, आई, मागण्या राहिल्या. लिही. चर बुजवा. नळ जोडा. खांबाला दिवा लावा. क्षेत्रसभा घ्या, आणि बाबूंना आधी सांगून ठेवा ती काय असते. माझी पंधरा दिवसांची मजुरी देणार नाही हे माहीत आहे, तरी लिही. आणि पुन्हा पाहणीला आलात तर फळीवरून पलीकडे या. तीच फळी आहे, जागा बदललेली नाही. पाणी अडीचला येतं, त्या सुमारास आलात तर जास्त बरं. चहा करून ठेवीन, पाणी असेल तर.

खालची सही डाव्या हातानं केली आहे आणि वाकडी आली आहे. जुन्या अर्जांवरच्या सहीशी जुळत नाही म्हणून हा अर्ज बाजूला ठेवू नये, ही विनंती.

आपली,
हद्दवाढ भागातली एक गणवेश शिवणारी
सोलापूर