‘मी म्हणजेच राज्य’ असे लुई म्हणाला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला राजेशाहीच्या मग्रुरीवरचा लेख आवडला. एक गोष्ट मात्र खटकली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६५५ साली पॅरिसच्या ‘संसदेत’ ‘मी म्हणजेच राज्य’ असे ठणकावल्याचे त्यात छातीठोकपणे लिहिले आहे. एक तर ती पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे, न्यायपीठ. राजाची फर्माने तिथे नोंदवली जात. दुसरे म्हणजे त्या दिवसाच्या समकालीन नोंदींत हे वाक्यच नाही, ते मागाहून त्याच्या तोंडी घातले गेले. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये हेच वाक्य वर्षानुवर्षे घालत आलो, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे.

खरे तर लुईला बढाई मारायला वाक्य लागतच नव्हते. १६८६ साली पॅरिसच्या एका चौकात त्याचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा उभा राहिला. पायाशी साखळदंडातले चार कैदी आणि खाली कोरलेले शब्द : ‘अमर पुरुषास’. क्रांतीत, १७९२ साली, तो अमर पुरुष वितळवला गेला. कैदी तेवढे वाचले. ते आज लूव्र संग्रहालयात आहेत.

व्हर्सायच्या त्याच्या राजवाड्याची तऱ्हा तर ‘बडा घर पोकळ वासा’. आरसेमहालाच्या छतावर राजाने अपोलो वगैरे देवांऐवजी स्वतःचेच पराक्रम रंगवून घेतले. खाली चांदीची मेजे, चांदीच्या कुंड्या. युद्धाला पैसा कमी पडला तेव्हा, १६८९ साली, ही सगळी चांदी टाकसाळीत गेली. बागेत कारंजी शेकडो, पण पाणी पुरेना. सीन नदीचे पाणी दीडशे मीटरहून उंच चढवायला चौदा अजस्र चाकांचे यंत्र बसवले, तरी रडगाणे तेच. मग राजा फेरफटक्याला निघाला की कारंजेवाले एकमेकांना शिट्टीने इशारा देत. स्वारी जवळ आली की कारंजे उडायचे, पुढे सरकली की बंद! (आमच्या भागातला व्हॉल्व्हमनही मंत्री येणार असले की असाच तत्पर होतो.) १६९३-९४ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली, ती याच राजाच्या राज्यात.

१७१५ साली मरणाच्या दारात मात्र त्याने पणतवाला सांगितले की, मला युद्धाचा फार सोस होता, त्यात आणि उधळपट्टीत माझे अनुकरण करू नकोस. दरबाऱ्यांपैकी एकाने त्याचे आणखी एक वाक्य टिपून ठेवले आहे : ‘मी चाललो, पण राज्य कायम राहील.’ लेखातल्या वाक्याच्या हे नेमके उलट आहे. ते जुने वाक्य पुन्हा कधी छापलेत, तर त्यापुढे निदान एक ‘म्हणे’ तरी असू द्या.

आपला,
एक जुना वाचक, सांगली