सरकी पेंड कोंबडीला घालण्याआधी

मा. संपादक,

सोयापेंड महागली की स्वतः खाद्य दळणारे मराठवाड्यातले ब्रॉयलर पालक सरकीकडे वळतात. २०२१ मध्ये पेंड इतकी महागली होती की केंद्राला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. पर्याय शोधण्यात गैर काही नाही. पण किलोला किलो बदलला की बॅच मार खाते.

आपल्या बाजारातली बहुतेक सरकी पेंड जनावरांसाठी असते, साल न काढता गाळलेली. तिच्यात प्रथिने २२ टक्क्यांच्या आसपास आणि तंतू २० टक्क्यांहून जास्त. गाय ते पचवते. कोंबडीचे पोट नुसते भरते, वजन चढत नाही. ब्रॉयलरला साल काढलेलीच पेंड हवी. तिच्यात प्रथिने ४० टक्क्यांपर्यंत असतात, तरी लायसिन (वाढीला लागणारा प्रथिनांतला घटक) साधारण १.६ टक्केच; सोयापेंडीत ते २.८ असते. म्हणजे क्विंटलभर खाद्यात १० किलो सोयापेंड काढून सरकी घातली, तर १२० ग्रॅम लायसिन कमी पडते. सरकीतले लायसिन पचतेही कमी, म्हणून बाजारातले एल-लायसिन दीडशे ते दोनशे ग्रॅम घालावे लागते. हा खर्च धरूनच सरकी स्वस्त की महाग ते ठरवा.

दुसरी अडचण गॉसिपॉलची, म्हणजे सरकीतल्या नैसर्गिक विषारी घटकाची. मोकळे (कशाशी न बांधलेले) गॉसिपॉल खाद्यात १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) खालीच असावे. पेंडीत ते ५०० पीपीएम असेल, तर वरच्या १० किलोंतून ५ ग्रॅम येते. ते बांधून निष्प्रभ करायला तेवढेच लोह लागते. हिराकशीत (फेरस सल्फेट) लोह सुमारे २० टक्के, म्हणून २५ ग्रॅम हिराकस बारीक दळून आधी थोड्या मक्याच्या भरड्यात आणि मग सगळ्या खाद्यात मिसळावी. अंदाजाने मूठभर टाकू नये. अंड्यांच्या कोंबड्यांना सरकी न दिलेलीच बरी, बलक हिरवट पडतो.

घरचे सोयाबीन भाजून वापरणारेही वाढले आहेत. कल्पना चांगली आहे, कारण त्यात ३६-३८ टक्के प्रथिने आणि १८ टक्क्यांवर तेल असते (खाद्यातले वरचे तेल तेवढे कमी करा). मात्र कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन रोधक (पचनरस अडवणारा घटक) प्रथिने पचू देत नाही. स्वादुपिंड सुजते, पिल्ले खुरटतात. भट्टीत दाण्याचे तापमान ११०-१२० अंशांपर्यंत जायला हवे. वरून तांबूस आणि आत कच्चा, असा दाणा नेहमीच फसवतो. युरिया आणि फेनॉल रेड (रंग बदलून दाखवणारे रसायन) यांच्या पिवळसर द्रावणात भरडा भिजवून पाहा. पाच मिनिटांत सगळा लाल झाला तर कच्चा, तुरळक लाल ठिपके आले तर ठीक, अर्ध्या तासानंतरही लाली नाही तर करपला आणि लायसिन गेले.

शेंगदाणा पेंड अफलाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) तपासणी केल्याशिवाय घेऊच नये. भाजल्याने हे विष जात नाही. करडई आणि सूर्यफूल पेंडीत हा धोका कमी, पण तंतू भरपूर आणि लायसिन कमी. साल काढलेली मिळाली तर फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात) थोडी चालेल. पहिल्या दोन आठवड्यांच्या खाद्यात या पर्यायी पेंडींपैकी एकही घालू नये.

पेंड विकणाऱ्या गिरण्यांनी पोत्यावर निव्वळ प्रथिनांचा आकडा न छापता तंतू, लायसिन आणि सरकीच्या बाबतीत मोकळ्या गॉसिपॉलचा आकडाही लॉटनिहाय द्यावा, आणि पशुसंवर्धन विभागाने तो सक्तीचा करावा.

– कोंबडीखाद्य तयार करणारे काही वाचक, जि. परभणी