खटला मंजुरीच्या कागदावरच हरतो

मा. संपादक,

प्राप्तिकर छाप्याची बातमी पहिल्या पानावर येते. निर्दोष सुटल्याची येते ती काही वर्षांनी, आतल्या पानात चार ओळींची. मग लोक दोनच अर्थ लावतात: 'मिटवलं असणार' किंवा 'उगाच छळलं'. पुष्कळदा खरे तिसरेच असते. फाइल कच्ची असते.

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम २७६सी(१) खाली चुकवलेला कर २५ लाखांच्या वर असेल, तर सहा महिने ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. कलम २७८ई आरोपीचा हेतू वाईटच होता असे धरून चालते. तो नव्हता हे निःसंशय सिद्ध करायचे आरोपीनेच. एवढे झुकते माप मिळूनही खटले पडतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली के. सी. बिल्डर्स प्रकरणात सांगितले, की उत्पन्न दडवल्याबद्दलचा दंड प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने रद्द केला, की त्यावरचा फौजदारी खटलाही टिकत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष कर मंडळाच्या ९ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार कलम २७६सी(१) खालची फिर्याद अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम केल्यावरच करायची असते. तरी घाई होते. खरे तर १९७४ च्या कायद्याने अशा आर्थिक गुन्ह्यांना मुदतीचे बंधनच ठेवलेले नाही, मग घाई कशाची? ऑगस्ट २०२५ मध्ये आपलीच परिपत्रके धाब्यावर बसवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाला दोन लाखांचा खर्च भरायला लावला.

दुसरी गळती पुराव्यात. जप्त हार्ड डिस्कची हॅश व्हॅल्यू (डेटावरून निघणारा, डेटा बदलला की बदलणारा सांकेतिक आकडा) पंचनाम्यात नसेल, तर नंतर डेटा बदलला नाही हे दाखवणार कसे? प्रिंटआउटला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी चे (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३) इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र नसेल, तर तो कागद पुराव्यात येत नाही. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयात २०२० साली हे पक्के झाले. मग उरतो छाप्याच्या रात्रीचा जबाब, आणि तो नंतर फिरवला जातो.

कलम २७९ चा मंजुरी आदेश (खटला भरायला वरिष्ठ अधिकाऱ्याने दिलेली परवानगी) तर कधी कधी जुन्याच मजकुरात पॅन आणि आकडे बदलून निघतो. उलटतपासणीत 'कोणते कागद पाहिले?' एवढे विचारले तरी तो उघडा पडतो. १ एप्रिल २०२६ पासून नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सोबत या आदेशाचा नमुनाही बदलावा. दंडाच्या अपिलाचा क्रमांक, निकालाची तारीख आणि तपासलेल्या कागदांची यादी हे रकाने सक्तीचे करावेत. रकाना रिकामा, तर फिर्याद दाखल होऊ नये.

– एक करसल्लागार