राजाची जोडी आणि समोरचा माणूस

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू पणजीतले पोकरचे दोन डाव सांगितलेस. पहिल्यावर तू खूश होतास आणि दुसऱ्यात नशिबाला बोल लावत होतास. मला दोन्हीकडे वेगळंच दिसलं. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. पुढच्या खेपेला कॅसिनोच्या बोटीवर चढण्याआधी हे शांतपणे वाच.

पहिला डाव घे. 100-200 चं टेबल, म्हणजे सुरुवातीला दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा 100 आणि 200. सारखा रेज करणाऱ्या (रक्कम वाढवणाऱ्या) त्या टोपीवाल्या पोरानं 800 केले, तू बटणावर (शेवटी बोलायच्या जागेवर) हातातल्या राजा-राणीवर कॉल केलास, म्हणजे तेवढेच भरलेस, बिग ब्लाइंडवालाही (200 भरलेलाही) आला. पॉट (मधले एकूण पैसे) झाला 2500. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर उघडलेल्या सगळ्यांच्या पहिल्या तीन पानांत, राजा, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. त्यानं 1500 लावले, तू थेट 5000 केलेस आणि दोघांनीही पानं टाकली. ‘गप्प केलं त्याला’ असं तू म्हणालास.

त्याला गप्प करून मिळालं काय, ते मोजू. एक राजा तुझ्या हातात, एक टेबलावर, म्हणजे उरले दोन. त्याच्याकडे राजा-गुलाम 8 प्रकारे येऊ शकतात, राजा-दश्शी 8, राजा-नव्वी 8. ही 24 तुझ्यापेक्षा हलकी. भारी कोणती? एक्का-राजा 8, एक्क्यांची जोडी 6, आणि तिन्ही सेट (हातात जोडी आणि टेबलावर तेच पान) मिळून 7, म्हणजे 21. हे बरोबरीचं वाटतं. पण हे पोरगं एक डाव सोडून एक रेज करतं असं तूच सांगितलंस. मग त्याच्या हातात गुलाम-दश्शी, सत्ती-छक्की, एक्का-पंजी हेही असणारच, आणि त्यातलं प्रत्येक 16 प्रकारे येतं. या सगळ्यांवर तो फ्लॉपला 1500 लावतो. तुझे 5000 बघितले की तीच पानं आधी पळतात आणि मागे राहतात ती बहुतेक भारी 21. तुला पैसे देणारा माणूस तूच टेबलावरून उठवलास, आणि ज्याला तू हरणार होतास त्याच्यासाठी पॉट वाढवून ठेवलास.

तिथं नुसता कॉल करायचा होता. राजा, अठ्ठी, तिर्री कोरडा बोर्ड (टेबलावरची पानं), ना फ्लश (एका रंगाची पाच पानं) लागतोय ना स्ट्रेट (ओळीची पाच पानं). त्याच्याकडे एक्का-पंजी असेल तर पुढच्या पानावर एक्का पडायची शक्यता सुमारे 7 टक्के. एवढी भीती बाळगायची गरज नाही. टर्नला (चौथ्या पानावर) त्यानं पुन्हा लावले तर पुन्हा कॉल. त्यानं अर्धा पॉट लावला तर चारात एकदा जिंकलास तरी तुझे पैसे सुटतात, पूर्ण पॉट लावला तर तिनात एकदा. अशा पोरासमोर राजाची जोडी आणि राणीचा किकर (जोडीबरोबरचं पान) त्याहून बराच जास्त वेळा जिंकतो. आणि रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) तो थांबला, चेक केलं (काहीच लावलं नाही), तर तू लाव. फ्लॉप आणि टर्नवर जोर करून रिव्हरला हात आखडणारे खूप असतात. तेव्हा मागून चेक करत बसू नकोस.

बोर्ड ओला, म्हणजे फ्लश-स्ट्रेटला वाव देणारा असेल तर मात्र हिशेब बदलतो. राजा, गुलाम, दश्शी आणि त्यात दोन बदाम असले तर फ्लॉपलाच रेज कर, कारण फ्लश ओढणाऱ्याला शेवटपर्यंत दोन पानं दिलीस तर तो 35 टक्के वेळा पूर्ण करतो. नव्वीची टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी) असेल तर तीही राजाच्या जोडीइतकी थंडपणे धरून ठेवता येत नाही, वर दश्शीपासून एक्क्यापर्यंत पानं पडायची बाकी असतात. आणि फ्लॉपला चार-पाच जण असतील, जे लाइव्ह (समोरासमोरच्या) टेबलावर रोजचं आहे, तर एका जोडीचा भाव आधीच खाली आलेला असतो.

आता दुसरा डाव. तुझ्याकडे एक्का-राजा, फ्लॉप एक्का, नव्वी, छक्की. तू लावलेस, कोपऱ्यातल्या काकांनी कॉल केला. टर्नला दुर्री. तू 4000 लावलेस, त्यांनी 12000 केले. तू कॉल केलास, रिव्हरला त्यांनी उरलेले लावले, तू तेही दिलेस. त्यांच्याकडे छक्क्यांचा सेट. ‘आठात एकदा लागतो, तोही माझ्याच वेळेला,’ असं म्हणालास. बाळा, सेट आठात एकदा लागतो हे खरं, पण ते गणित फ्लॉपच्या आधीचं. टर्नवर प्रश्न वेगळा होता. दोन तास पानं टाकत बसलेला माणूस एक्का दिसत असताना, तू दोनदा लावल्यानंतर, तिप्पट करतो तेव्हा त्याच्याकडे काय असतं? छोट्या टेबलावर टर्न-रिव्हरचा असा रेज ब्लफ क्वचितच असतो. एक्का-राजा तिथं टाकायचा. टाकताना त्रास होतो हे मला माहीत आहे. तरी टाकायचा.

तू दोघांनाही ‘अग्रेसिव्ह’ म्हणालास, घोटाळा तिथं झाला. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला माझ्याबरोबर लहानपणापासून यायचास, आठवून बघ. एखादा व्यापारी प्रत्येक ढिगाला बोली लावतो, त्याच्या बोलीवरून गुळाची प्रत कळत नाही. दुसरा सकाळभर गप्प असतो आणि एका ढिगाला पुढे सरकतो, तेव्हा सगळे त्या ढिगातला रवा (गुळाची ढेप) फोडून बघतात. टोपीवाला पहिला, काका दुसरे. तुझ्याकडे दोन्ही वेळा होती ती एक टॉप पेअरच. तिची किंमत समोर पैसे कोण लावतंय त्यावर ठरते, आणि मला तुला एवढंच पटवायचं आहे.

म्हणून बसल्यावर पहिला अर्धा तास पानांपेक्षा माणसं बघ. कोण पानं उघडून दाखवतो, कोण हरल्यावर हात सैल करतो, कोण रिव्हरलाही तितकाच जोरात लावतो. लाइव्हला तासाला पंचवीस-तीस डाव होतात, मधे वेळच वेळ असतो, आणि तू तो मोबाईलमध्ये घालवतोस. सारखा रेज करणारा दिसला की त्याच्या डावीकडची जागा माग, म्हणजे तो आधी बोलतो आणि तू नंतर. त्याच्या उजवीकडे बसून राजा-राणी खेळायची तर ती बरीच कठीण होते.

स्टॅककडेही (प्रत्येकाकडे उरलेल्या पैशांकडेही) बघ. फ्लॉपला मागे पॉटच्या तिप्पट-चौपट पैसे असतील तर चांगल्या किकरची टॉप पेअर घेऊन सगळे आत गेले तरी मला वाईट वाटणार नाही. मागे पंधरापट असतील तर एका जोडीवर तेवढं जाऊ द्यायचं नाही.

इथं कोणाच्या फ्लॅटवर पैसे लावून बसायचं नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, आणि 2025 च्या कायद्यानं ऑनलाइन पैशांचे खेळही बंद झाले. जे खेळायचं ते गोव्यात, घरभाड्याला हात न लावता, आणि तिथं कोणाकडून उसने न घेता. रात्रभर खेळून पहाटे आंबोली घाटातून गाडी आणू नकोस. झोप काढ, उजेडात नीघ. या एका गोष्टीत मी वाद घालणार नाही.

पुढच्या वेळी डाव कळवशील तेव्हा आधी समोरचा माणूस कसा खेळत होता ते लिही आणि तुझी पानं शेवटी. तेवढ्यावरून मला बरंच सांगता येईल. गुऱ्हाळं सुरू झालीत, आईनं तुझ्यासाठी काकवी भरून ठेवली आहे, येताना रिकामी बरणी घेऊन ये.

तुझे,
पप्पा